टॅग टीमची टाळी कधी द्यायची?

रिंगच्या कोपऱ्यात, टर्नबकलजवळ (म्हणजे दोऱ्या जिथे अडकवतात त्या उशीजवळ), एक छोटी दोरी बांधलेली असते. टॅग टीम म्हणजे दोघांची जोडी: एक आत लढतो, दुसरा बाहेर थांबतो, आणि हातावर टाळी दिली की जागा बदलतात. अशा सामन्यात बाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराने ती दोरी हातात धरूनच टाळी घ्यायची, असा नियम आहे. टीव्हीवर ती फारशी नजरेत येत नाही. लहानपणी आमच्या वाड्यात दोघांविरुद्ध दोघं अशी कुस्ती चालायची, तेव्हा आम्ही मात्र ती नेमाने बांधायचो. पायजम्याची जुनी नाडी, एक टोक फाटकाला, दुसरं बाहेरच्याच्या मुठीत. आत मार खाणारा गडी हात लांब करायचा, बाहेरचा कमरेतून वाकायचा, आणि तरी चार बोटं कमी पडायची. बघणारी पोरं त्या चार बोटांसाठी घसा फोडून ओरडायची.

टॅग टीमचं सगळं बुकिंग त्या चार बोटांच्या अंतरात आहे, असं मला इतक्या वर्षांच्या बघण्यानंतर ठामपणे वाटतं. टाळी किती उशिरा होऊ द्यायची, हा सामन्यापुरता मिनिटांचा प्रश्न. जोडीला पट्टा, म्हणजे विजेतेपद, कधी द्यायचा, कधी हरवायचं, कधी फोडायची, हा तोच प्रश्न, फक्त मिनिटांच्या जागी महिने येतात.

हा लेख बुकिंग करू पाहणाऱ्यांसाठी आहे. कोणी छोटे शो भरवत असेल, कोणी व्हिडिओ गेममध्ये स्वतःचा ब्रँड चालवत असेल, कोणी मित्रांच्या ग्रुपवर 'मी असतो तर असं केलं असतं' म्हणून पानंच्या पानं लिहीत असेल. कोण कोणाशी लढणार, कोण जिंकणार, कसं जिंकणार आणि त्यानंतर काय, हे आधी ठरवणं म्हणजे बुकिंग. आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तालमीत तो शब्द शिवीसारखा वापरतात, ते योग्यच आहे. प्रो रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो हे बघणाऱ्यालाही माहीत असतं. तिथे परीक्षा दुसरीच असते: ठरलेला निकाल लोकांना मनापासून हवासा वाटायला लावायचा.

पायरी १ : जोडीत कामं वाटा

दोन चांगले पैलवान एकत्र उभे केले की जोडी होत नाही. एकाने मार खायचा असतो आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी तळमळायचं असतं. रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन यांची 'रॉक अँड रोल एक्सप्रेस' १९८३ मध्ये मेम्फिसमध्ये जमली. मॉर्टन चणीने लहान, सोनेरी केसांचा, आणि मार खाताना असा कळवळायचा की प्रेक्षकांतल्या आयाबहिणींचा जीव वरखाली व्हायचा. गिब्सन टाळी मिळताच आत घुसून सगळं सपाट करायचा. आजही रेसलिंगच्या धंद्यात टॅग सामन्यात मार खाणाऱ्याला 'तो आज रिकी मॉर्टन करतोय' असं म्हणतात. माणसाचं नाव कामाला चिकटलं, याहून मोठा पुरस्कार कुठला!

याला मोठा अपवाद रोड वॉरियर्स, म्हणजे हॉक आणि अॅनिमल. त्या दोघांना कोणी दहा मिनिटं तुडवतंय यावर लोकांचा विश्वासच बसला नसता. म्हणून त्यांची चाल वेगळी ठेवली गेली: झटकन आत, समोरच्यांचा चुराडा, झटकन बाहेर. तुमच्याकडे तशी जोडी असेल तर पुढची मिनिटांची मांडणी तिला लावू नका. तिची ताकद घाईतच आहे.

वहीत दोन ओळी लिहून बघा. मार कोण खाणार? आत घुसणार कोण? दोन्हीकडे एकच नाव येत असेल, किंवा पेन अडत असेल, तर ती जोडी अजून कच्ची आहे. नाव, सारख्या रंगाचे कपडे, दोघांनी मिळून मारायचा एक डाव, हे सगळं त्यानंतर.

पायरी २ : सामन्याचं घड्याळ लावा

बारा मिनिटांचा सामना धरू. मी तो असा मांडतो.

पहिली तीन मिनिटं चांगल्या जोडीची. लोकांना त्यांचे डाव ओळखीचे होऊ द्यायचे, दोघांच्या झटपट टाळ्या दाखवायच्या. या भागात टाळी स्वस्त असते, आणि ती स्वस्त असलीच पाहिजे. नंतर ती महाग होते तेव्हा लोकांना फरक कळायला हवा.

मग पलटी. खलनायकांनी सामना ताब्यात घ्यायचा तो लबाडीने: रेफ्रीची पाठ वळताच केस ओढून, दोरीवरून मान आपटून. निव्वळ ताकदीने ताबा मिळवला तर लोक त्यांचं कौतुक करतात आणि राग उरत नाही.

तिसऱ्या ते नवव्या मिनिटापर्यंत मार. सामन्याचा जीव इथे असतो आणि नवखे बुकर इथेच कंटाळतात. या सहा मिनिटांत आशेच्या दोन जागा ठेवा, फार तर तीन. पहिली साधी: आतला गडी सुटतो, कोपऱ्याकडे झेपावतो, पाय धरून मागे ओढला जातो. दुसरी म्हणजे न दिसलेली टाळी. ही मला अजून तशीच्या तशी भावते. एक खलनायक रेफ्रीशी वाद घालत त्याचं तोंड दुसरीकडे वळवतो. त्याच क्षणी टाळी होते, चोख, सगळ्या सभागृहाच्या डोळ्यांदेखत. बाहेरचा जोडीदार आत उडी मारतो आणि रेफ्री त्याला परत बाहेर ढकलतो, कारण त्याने टाळी पाहिलेलीच नाही. तो जितका हुज्जत घालतो तितका रेफ्री त्याच्यातच गुंततो आणि मागे दोघं मिळून एकाला तुडवतात. हजारो साक्षीदार आणि न्याय मिळत नाही! चाळीस वर्षांहून जुनी ही युक्ती अजून लागू पडते ती या हतबलतेमुळे.

नवव्या मिनिटाला खरी टाळी, जिला 'हॉट टॅग' म्हणतात. आत आलेल्याने पहिलं मिनिटभर थांबायचं नाही. जो उभा दिसेल तो आडवा. शेवटच्या दोन मिनिटांत चौघंही आत, गोंधळ, आणि निकाल.

यात कुठे चुकतं ते सांगतो. बाहेर उभा असलेला गडी नुसता उभा राहतो. त्याने पाय आपटले पाहिजेत, टर्नबकल बडवलं पाहिजे, दोरी ताणून हात पुढे केला पाहिजे. त्याच्या चेहऱ्यावरून लोक ठरवतात आपण किती काळजी करायची ते. दुसरी चूक: सहा मिनिटं मार खाल्लेला गडी टाळी दिल्यावर वीस सेकंदांत टुणकन उडी मारून परत येतो. निदान दोन मिनिटं त्याला रिंगबाहेर पडू द्या, नाहीतर आधीचा सगळा मार खोटा ठरतो. तिसरी चूक एका सामन्याची नसून सगळ्या रात्रीची असते. एकाच शोमध्ये तीन टॅग सामने आणि तिन्हींत हॉट टॅग ठेवला, तर तिसऱ्याच्या वेळी लोक पाणी प्यायला उठतात. पूर्ण लांबीची टाळी रात्रीत एकदाच. बाकीच्या जोड्यांना चार मिनिटांचा धुमाकूळ द्या.

पायरी ३ : पहिला पराभव कामाला लावा

जॉनी गार्गानो आणि टोमासो चाम्पा यांची जोडी 'डीआयवाय', आणि समोर डॅश वाइल्डर आणि स्कॉट डॉसन यांची 'द रिव्हायव्हल'. डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी या नव्या पैलवानांच्या ब्रँडमधली ही चौघांची गोष्ट प्रत्येक बुकरने मिनिटागणिक पाहावी.

२० ऑगस्ट २०१६, ब्रुकलिन. डीआयवाय चांगलं लढतात, लोकांना वाटतं आज पट्टा मिळणार, आणि डॉसन गार्गानोचा पाय असा अडकवतो की गार्गानोला हार मानून हात आपटावा लागतो. पडून हरणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने 'पुरे' म्हणणं वेगळं. त्या हरण्यात एक कर्ज तयार झालं.

ते फेडलं १९ नोव्हेंबरला टोरंटोत, तीनपैकी दोन फेऱ्यांच्या सामन्यात. शेवट बघा. गार्गानो आणि चाम्पा दोघांनी एकाच वेळी रिव्हायव्हलच्या दोघांना पेचात धरलंय. दोघं वेदनेने कळवळतायत, हात आपटायच्या बेतात आहेत, आणि तेवढ्यात ते एकमेकांचे हात घट्ट धरून ठेवतात, जोडीदाराने हार मानू नये म्हणून. खलनायकांची जोडीसुद्धा शेवटच्या क्षणी जोडीच राहिली. मग हात सुटतात आणि दोघंही हार मानतात. ब्रुकलिनमध्ये जे गार्गानोने केलं तेच त्यांना करावं लागलं.

दोन तारखांमध्ये ९१ दिवस, म्हणजे नेमके तेरा आठवडे. हे अंतर मला फार मोलाचं वाटतं. चार आठवड्यांत परतफेड केली असती तर हरण्याचा सल मुरला नसता. वर्ष लावलं असतं तर लोक विसरले असते. तुमच्या जोडीचा पहिला मोठा पराभव ठरवताना परतफेडीची तारीख त्याच पानावर लिहा, आणि पराभवाची पद्धतही जपून निवडा. विजयात ती उलटी फिरून यायची आहे.

पायरी ४ : गर्दी काय म्हणते ते त्याच आठवड्यात ऐका

कागदावरची योजना आणि सभागृहातला आवाज जुळत नाहीत तेव्हा खरा बुकर दिसतो.

'द न्यू डे' ही कोफी किंग्स्टन, बिग ई आणि झेवियर वूड्स यांची तिकडी नोव्हेंबर २०१४ मध्ये आली ती टाळ्या वाजवत, हसत, सकारात्मक विचारांचं प्रवचन देत. लोकांना ते लादल्यासारखं वाटलं. मग त्यांच्याच टाळ्यांच्या तालावर 'न्यू डे बेकार' अशा घोषणा सुरू झाल्या. इथे दोन वाटा होत्या: तेच रेटत राहायचं, किंवा त्या रागालाच रूप द्यायचं. दुसरी वाट घेतली. २०१५ च्या वसंतात तेच हसू, त्याच टाळ्या, पण आता खलनायकाच्या तोंडी. एप्रिल २०१५ मध्ये पट्टे मिळाले, आणि पुढे त्यांच्या उर्मटपणाचीच लोकांना इतकी गोडी लागली की ते पुन्हा लाडके झाले. २३ ऑगस्ट २०१५ ते १८ डिसेंबर २०१६, ४८३ दिवस पट्टे त्यांच्याकडे राहिले आणि डिमॉलिशन या जोडीचा ४७८ दिवसांचा जुना विक्रम मोडला. माझी एक तक्रार आहे. विक्रम मोडताच काही दिवसांत पट्टे गेले, त्यामुळे शेवटचे महिने आकड्याची वाट बघण्यातच गेल्यासारखे वाटले. आकडा हा गोष्टीचा परिणाम असावा, कारण असू नये.

याहून छोटी आणि कदाचित जास्त उपयोगी गोष्ट 'द अक्लेम्ड'ची. अँथनी बोवेन्स आणि मॅक्स कास्टर, डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्पर्धक एईडब्ल्यू कंपनीतली जोडी. ४ सप्टेंबर २०२२ ला शिकागोजवळच्या 'ऑल आउट' या शोमध्ये ते चॅम्पियन 'स्वर्व्ह इन अवर ग्लोरी'विरुद्ध उतरले आणि सबंध सभागृह त्यांचं झालं. प्रत्येक डावाला गर्जना. पण ठरलेला निकाल तसाच राहिला, ते हरले. तो निर्णय चूक होता का यावर आजही वाद घालता येईल. शहाणपण पुढे दिसलं: त्याच सामन्याची पुनर्लढत लावली आणि २१ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या आर्थर अॅश स्टेडियममध्ये त्यांना पट्टे दिले. सतरा दिवसांत. लोखंड लाल असताना घाव पडला.

आपल्याला जवळचं उलटं उदाहरण एकट्या पैलवानाचं आहे, पण वेळेचा धडा तोच. उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग, वीर महान या नावाने, ऑक्टोबर २०२१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'रॉ' या साप्ताहिक शोकडे गेला. 'वीर महान येतोय' अशा जाहिराती महिनोन्‌महिने फिरल्या, आणि तो आला ४ एप्रिल २०२२ ला. टाळी लांबवायची तर मध्ये झेप हवी, पाय ओढणं हवं. नुसतं 'येतोय, येतोय' ऐकवलं की उत्सुकता आंबते. आपला माणूस म्हणून मला ते जास्त लागलं.

पायरी ५ : मोठी टाळी महिन्यांवर मांडा

सामन्यातली न दिसलेली टाळी आठवते ना? तीच गोष्ट जिम्मी आणि जे उसो, सॅमी झेन आणि केविन ओवेन्स यांच्यात महिन्यांवर पसरली.

उसो भावांकडे १८ जुलै २०२१ पासून डब्ल्यूडब्ल्यूईच्या दुसऱ्या शोचे, स्मॅकडाउनचे, पट्टे होते, पुढे 'रॉ'चेही आले. सॅमी उसोंच्याच नात्यातल्या रोमन रेन्स या मोठ्या चॅम्पियनच्या टोळीत घुसला होता, लोकांना हसवत होता. घरातला सगळ्यात संशयी भाऊ जे उसो, त्यानेही अखेर त्याला मिठी मारली होती. मग २८ जानेवारी २०२३ ला सॅमीने रोमनच्या पाठीत खुर्ची घातली. १८ फेब्रुवारीला स्वतःच्या प्रांतात, मॉन्ट्रियलमध्ये, सॅमी रोमनकडून हरला. आता सगळ्यांना एकच हवं होतं, जुना मित्र केविनने त्याला साथ द्यावी. सॅमीने हात पुढे केला आणि केविनने नाकारला.

हीच ती न दिसलेली टाळी. आपल्याकडे राजकारणातही युतीला 'टाळी' म्हणतात, आणि ती मागून न मिळण्यातली सल मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मार्चच्या मध्यात दोघांची मिठी झाली आणि १ एप्रिल २०२३ ला रेसलमेनियाच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोच्या, पहिल्या रात्रीचा शेवटचा सामना त्यांचा होता. टॅग पट्ट्यांचा सामना रेसलमेनियाच्या रात्रीचा शेवटचा सामना होण्याची ती पहिली वेळ. सॅमीने चितपट केलं ते जेला, ज्याने सगळ्यात उशिरा विश्वास टाकला होता त्याला. ६२२ दिवसांची सत्ता संपली.

महिने मोजा: जानेवारीत फुटणं, फेब्रुवारीत पराभव आणि नकार, मार्चमध्ये टाळी, एप्रिलमध्ये निकाल. हाच सांगाडा तुमच्या मासिक शोला बसतो. पहिले तीन महिने जोडीला छोटे विजय आणि ओळख. चौथ्यात चॅम्पियनशी पहिली गाठ, पराभव. पाचव्यात दोघांपैकी एक एकटा लढतो आणि बेदम मार खातो, दुसरा पोचेपर्यंत उशीर होतो. सहाव्यात चॅम्पियन लबाडीने निसटतात. सातव्यात विजय. त्या सातव्या महिन्याचा शो तुमच्या सगळ्यात मोठ्या सभागृहात, घरच्या गर्दीसमोर पडेल अशा बेताने पहिला महिना निवडा. मोजणी शेवटाकडून मागे करायची.

प्रत्येक महिन्यापुढे समासात दुसरा पर्याय लिहून ठेवा. गुडघे दुखावतात, विमानं चुकतात, पाहुणा गडी ऐनवेळी नाही म्हणतो.

पायरी ६ : फोडायची तर ऐकू येऊ न देता

जोडी फोडण्याची घाई हा बुकरांचा जुना रोग आहे. काही सुचेनासं झालं की दोघांत भांडण लावायचं. दर आठवड्याला एकाचा धक्का चुकून दुसऱ्याला लागतो, दोघं एकमेकांकडे रोखून बघतात, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत शेंबड्या पोरालाही कळतं. हल्क होगन आणि रँडी सॅव्हेज यांचे 'मेगा पॉवर्स' ऑक्टोबर १९८७ मध्ये एकत्र आले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये टीव्हीवर फुटले. मधला सव्वा वर्षाचा काळ मैत्री खरी वाटण्यासाठी वापरला गेला, म्हणून सॅव्हेजच्या मनातला मत्सर पटला. एप्रिलमध्ये रेसलमेनिया ५ त्या दोघांवर उभा राहिला.

पण मला सगळ्यात जास्त हललेलं आठवतं ते पुन्हा गार्गानो आणि चाम्पामुळेच. २० मे २०१७, शिकागो. 'ऑथर्स ऑफ पेन' या जोडीविरुद्धचा शिडीचा सामना (वर टांगलेले पट्टे शिडीवर चढून काढायचे) ते हरले. दोघं थकून उभे, लोक टाळ्या वाजवतायत, मित्र मित्राला जवळ घेतोय. पडद्यावर कार्यक्रम संपल्याची खालची पट्टीसुद्धा आली. घरी बसलेला प्रेक्षक रिमोट उचलतो तो हा क्षण. आणि तेव्हा चाम्पाने गार्गानोला उचलून आपटलं. हल्ल्याला जागा निवडली ती लोक सावध नसण्याची, आणि लोकांना सावध नसू द्यायला ती पट्टी पुरली.

त्या सुमारास चाम्पाचा गुडघा गंभीर दुखावला होता आणि तो अनेक महिने दूर राहिला. योजना कोलमडली असं कोणालाही वाटलं असतं. बुकरने मात्र घाईने त्याच्या जागी दुसरा शत्रू उभा करून ते वैर संपवलं नाही, उघडं ठेवलं. फुटल्यानंतर दोघांचा पहिला सामना झाला ७ एप्रिल २०१८ ला न्यू ऑर्लिन्समध्ये, ३२२ दिवसांनी. चाम्पा आला तेव्हा त्याला संगीत दिलं नव्हतं. रिकाम्या स्पीकरांमधून तो चालत आला आणि सबंध वाट लोकांच्या शिव्याशापांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. शेवटी गार्गानोने त्याच्याच गुडघ्याचा पट्टा त्याच्या तोंडावर ओढून त्याला हार मानायला लावली.